लालावर लाल: एका मसाल्याच्या लोगोची दुरुस्ती

कोल्हापूरकडच्या एका घरगुती कांदा-लसूण मसाल्याच्या 200 ग्रॅम पाउचवरचा हा लोगो, जुना आणि सुधारलेला. उद्योगाचं नाव देत नाही. त्यात ‘पूर्णा’ आहे एवढं पुरे, कारण अर्धी भानगड त्या उकारात आणि रफारातच आहे.

जुन्या लोगोत गोल चौकट, आत नऊवारीतली बाई, पुढ्यात उखळ, बाजूला मिरच्या, लसणाची गड्डी, हिरवं पान आणि कडेनं वळसा घेतलेलं नाव. मोबाइलवर तो बरा दिसतो. पण पाउच पारदर्शक आणि नाव लाल! मसाला भरला की लालावर लाल, आणि दुकानाच्या फळीवर फक्त पिवळी किनार उरते. डिझाइन पसंत केलं पांढऱ्या स्क्रीनवर, विकायला ठेवलं काळपट लाल मसाल्यावर. बाकीच्या चुका यापुढे किरकोळच.

तरी त्यातली एक नीट बघण्यासारखी आहे. नाव गोलावर वळवलं की प्रत्येक अक्षर थोडं तिरकं बसतं आणि शिरोरेघ पायऱ्यापायऱ्यांनी तुटते. रोमन अक्षरं मुळात सुटी, त्यांना हे खपून जातं. आपला शब्द शिरोरेघेनं बांधलेला असतो. इथे वर अक्षरांमधलं अंतरही वाढवलंय, म्हणजे उरलीसुरली रेघही गेली. अक्षरांभोवतीची जाड पिवळी किनार रफाराच्या पोकळीत भरते आणि लोगो 25 मिमीवर आणला की ‘पूर्णा’चं ‘पूणां’ होतं.

बाईचं चित्र इंटरनेटवरचं तयार चित्र आहे. उद्या तेच कुणाच्या पापडाच्या पाकिटावर दिसलं तर भांडायचं कशाच्या जोरावर? ट्रेडमार्कसाठी मसाले वर्ग 30 मध्ये येतात, लोणचं 29 मध्ये. लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी दर वर्गाला 4500 रुपये. ती आपण स्वतः काढलेल्या आकारावर भरावी. हिरवं पानही नकोच. पाउचच्या दर्शनी भागाचं क्षेत्रफळ 100 ते 500 चौ. सेंमी असेल तर शाकाहारी चिन्हाचा ठिपका किमान 4 मिमी व्यासाचा आणि चौकोनाची बाजू त्याच्या दुप्पट लागते. शेजारी दुसरं हिरवं काही असलं की ते चिन्ह बुजतं.

सुधारलेल्या लोगोत चौकट, बाई, उखळ, गड्डी, पान सगळं गेलं. नाव एका सरळ ओळीत, बलू 2 या फॉन्टच्या सर्वांत जाड वजनात. हा फॉन्ट मोफत आहे, धंद्यासाठीही. चित्र एकच: ‘पू’चा उकार म्हणजे वळलेली मिरची. असले खेळ बहुतेक वेळा फसतात, कारण चित्र काढण्याच्या नादात अक्षर मरतं. इथे मिरचीचा बाक मूळ उकाराच्या बाकावरच बसवलाय, म्हणून रबरी शिक्क्यावर एका रंगातही तो उकारच वाचला जातो. देठ हिरवा केला नाही, हे शहाणपण. तिसरा रंग वाढला असता आणि छपाईत रंग जरा सरकला की देठ मिरचीपासून सुटला असता.

रंग दोनच: नाव काळं, मिरची लाल, खाली क्रीम रंगाचं 70 × 45 मिमी स्टिकर. पारदर्शक पाउचवर थेट छापायचं तर अक्षरांमागे पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो. थोड्या मालाला स्टिकर परवडतं. मात्र ते कागदी नको. या मसाल्यात तळलेलं खोबरं, कांदा असतो. भरताना हाताचं तेल लागलं की कागदावर डाग पडतो. प्लॅस्टिक फिल्मचं स्टिकर घ्यावं.

नव्यातही दोन उणिवा आहेत. ‘कांदा-लसूण मसाला’ ही ओळ 6 पॉइंटमध्ये आहे. गिऱ्हाईक आधी तीच शोधतं, ती 14 पॉइंट तरी हवी. आणि मिरचीचं टोक 15 मिमीच्या लोगोत केसासारखं होतं, तिथे ते छाटून बोथट करायला हवं.

छपाईला देताना अक्षरं कर्व्हजमध्ये, म्हणजे फॉन्टवर न विसंबणाऱ्या नुसत्या आकारांत, बदलूनच द्यावीत. प्रेसवाल्याकडच्या कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड मजकूर फुटतो आणि रफाराऐवजी पाय मोडलेला ‘र्’ उरतो. फाइल पीडीएफ आणि सीडीआर (कोरलड्रॉची स्वतःची फाइल) अशी दोन्ही द्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून.