फिल्मफ्रीवे: टपाल नेमकं पोचतं, पत्ता मात्र आपणच लिहायचा

आठ-दहा मिनिटांचा, आजी-नातवंडांनी एकत्र बसून बघावा असा लघुपट तयार आहे. तो मोठ्या महोत्सवांच्या गर्दीत न घालवता एखाद्या लहान गावच्या फॅमिली फेस्टिव्हलला पाठवायचा आहे. मग आज बहुतेकांची वाट फिल्मफ्रीवे या महोत्सवांना सिनेमे पाठवायच्या साइटवरूनच जाते. पूर्वी हे काम विदाउटअबॉक्स करायचं. ते २००० साली सुरू झालं, पुढे अ‍ॅमेझॉनच्या आयएमडीबी या सिनेमांची माहिती देणाऱ्या साइटकडे गेलं आणि २०१९ मध्ये बंद पडलं. व्हँकुव्हरच्या फिल्मफ्रीवेने तोवर मैदान मारलेलं होतं, कारण तिथे खातं उघडायला आणि सिनेमाचं पान बनवायला पैसे पडत नाहीत. पैसे लागतात ते महोत्सवाच्या प्रवेश शुल्काचे, आणि साइट आपला हिस्सा महोत्सवाकडून घेते. टपालाचं काम म्हणून पाचपैकी चार गुण नक्की. एक गुण का कापला, ते पुढे येईलच.

पान भरायला तासभर पुरतो. नाव, सारांश, लांबी, पूर्ण झाल्याची तारीख, भाषा, चित्रीकरणाचा देश, आस्पेक्ट रेशो (चौकटीच्या रुंदी-उंचीचं प्रमाण), विद्यार्थी प्रकल्प आहे का, दिग्दर्शकाचा पहिलाच सिनेमा आहे का, असे रकाने असतात. एकदा भरलं की तेच पान कितीही महोत्सवांना जातं. शेवटच्या दोन रकान्यांकडे घाईत दुर्लक्ष होतं आणि तिथेच पैसे जातात. विद्यार्थी गटाची फी बऱ्याच ठिकाणी कमी असते, पण खूण केली नसेल तर तो गट निवडता येत नाही. खूण खोटी केली, तर काही आयोजक पुढे ओळखपत्र मागतात आणि भरलेली फी सहसा परत मिळत नाही. लांबी लिहिताना श्रेयनामावलीसकट लिहा. ‘१० मिनिटांच्या आत’ या गटात १० मिनिटं १४ सेकंदांचा सिनेमा टाकला की तो वादाशिवाय बाहेर.

सारांशात ‘हृदयस्पर्शी’, ‘समाजाला आरसा दाखवणारी’ वगैरे नको. कोण, कुठे, त्याला काय हवंय आणि काय आडवं येतंय, एवढं दोन वाक्यांत आलं की काम झालं. इंग्रजी मजकूर मशीनकडून करून घेतला असेल, तर इंग्रजी नीट येणाऱ्या माणसाला एकदा वाचायला द्या. ‘मामाचं गाव’चं ‘व्हिलेज ऑफ मामा’ झालेलं वाचून निवड समितीला काडीचाही अर्थबोध होत नाही.

आता कापलेला गुण. महोत्सव शोधायला गाळण्या आहेत: देश, फी, शेवटची तारीख, किती वर्षं चालू आहे, प्रत्यक्ष होतो की ऑनलाइन. त्या उपयोगी आहेत, पण ‘फॅमिली फ्रेंडली’ या शब्दाचा अर्थ साइट ठरवत नाही, प्रत्येक महोत्सव आपापला ठरवतो. आणि तो अर्थ मुखपृष्ठावरच्या फुगे-पॉपकॉर्नच्या चित्रात नसतो, ‘रूल्स अँड टर्म्स’च्या बारीक अक्षरात असतो. तिथे कुणी लिहितं ‘पीजीपर्यंतच’, कुणी ‘दारू-सिगारेट दिसता कामा नये’, कुणी नुसतंच ‘सर्व वयोगटांसाठी योग्य’. अमेरिकेत जी (सर्वांसाठी), पीजी (पालकांच्या मार्गदर्शनाने), पीजी-१३ (तेराखालच्यांसाठी जास्त सावधगिरी) अशा पायऱ्या आहेत. सगळ्यात जड शिवी पीजी-१३ मध्ये साधारण एकदा चालवून घेतात, पीजीत नाही. आपल्याकडे सेन्सॉर बोर्डाने २०२४ च्या नियमांपासून यूए गटाचे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग केले आहेत. दोन्ही पद्धती एकास एक जुळत नाहीत. त्यामुळे ‘आमचा यू आहे’ म्हटल्याने परदेशी आयोजकाला फारसं काही कळत नाही. त्यापेक्षा सोबतच्या पत्रात साध्या शब्दांत लिहा: शिवी नाही, रक्त नाही, व्यसन नाही, चौथ्या मिनिटाला एक कुत्रा हरवतो आणि शेवटी सापडतो. कुत्र्याचं आवर्जून लिहा, पालक आधी तेच विचारतात.

मराठी लघुपट इथे दोन ठिकाणी हमखास अडखळतात, आणि दोन्ही ठिकाणी चूक कॅमेऱ्याची नसते.

पहिली जागा सबटायटलची. सायकलची चेन निसटते आणि आजोबा म्हणतात, ‘च्यायला!’ मराठी घरात यावर कुणी मान वर करूनही बघत नाही. सबटायटल करणारा मात्र व्युत्पत्तीपर्यंत खणत जातो आणि खाली इंग्रजीतली चार अक्षरी शिवी उमटवतो. बोस्टनमधल्या मराठी भाचरांना ते विनोदी वाटेल, पण निवड करणारी बाई मराठी ऐकत नसते, खालची ओळ वाचत असते. तिच्या लेखी हा सिनेमा मुलांना दाखवण्याजोगा राहिला नाही. तिथे ‘ओह, शूट’ किंवा नुसतं ‘अर्र!’ पुरे. ‘भेंडी’ला तर भाषांतर देऊच नका, ती ओळ रिकामी गेली तरी कुणाचं काही अडत नाही. शिवाय ओळी लहान ठेवा: एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत चाळीसच्या आसपास अक्षरं, आणि मोठ्यांच्या सिनेमापेक्षा जरा जास्त वेळ पडद्यावर. प्रेक्षकांत तिसरी-चौथीतली मुलं असतात, ती ओठ हलवत वाचतात. महोत्सवाने वेगळी एसआरटी फाइल (सबटायटलची साधी मजकूर फाइल) मागितली, तर ती यूटीएफ-८ या लिपी-संकेतात साठवा. नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. परीक्षणाच्या, म्हणजे निवड समिती बघते त्या प्रतीत मात्र इंग्रजी ओळी चित्रातच भाजून, म्हणजे कायमच्या उमटवून द्या.

दुसरी जागा विषयाची. मुलांबद्दलचा सिनेमा आणि मुलांसाठीचा सिनेमा यांत आपल्याकडे गल्लत होते. मुलाला शाळेचे बूट हवेत, पाऊस पडत नाही, बापाच्या डोक्यावर कर्ज आहे, आणि शेवटच्या दृश्यात दोर लटकतो. हा सिनेमा उत्तम असू शकतो, पण शनिवारी सकाळी अकराच्या ‘किड्स ब्लॉक’मध्ये कुणी तो लावणार नाही. नायक दहा वर्षांचा आहे म्हणून बालचित्रपटाच्या गटात फी भरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. तो सिनेमा ‘ड्रामा शॉर्ट’ गटात पाठवा, किंवा हा महोत्सवच सोडा. एक साधी चाचणी आहे: गोष्ट मुलाच्या उंचीवरून चालते, की मुलगा फक्त मोठ्यांचं दुःख बघायला उभा केलाय? पहिलं असेल तर दुःख असूनही चालतं.

लांबीचंही गणित आहे. लहान महोत्सवात लघुपटांचा खेळ साधारण ७५ ते ९० मिनिटांचा असतो. त्यात २२ मिनिटांचा एक घेण्यापेक्षा सात-सात मिनिटांचे तीन घेणं आयोजकाला परवडतं, कारण तीन सिनेमे म्हणजे तीन दिग्दर्शकांची तीन कुटुंबं खुर्च्यांवर. आपल्याकडे सुरुवातीची दीड मिनिटं बोधचिन्हं, ‘सादर करीत आहे’ आणि ‘विशेष आभार’ यांतच जातात. महोत्सवाच्या प्रतीतून ते सगळं मागे टाका आणि शेवटची नामावली ४०-५० सेकंदांत उरका. सरपंचांचं नाव मोठ्या अक्षरात हवं असेल तर गावातल्या प्रतीत ठेवा.

गाण्यांबाबत ‘जुनं आहे, कोण विचारतंय’ हे चालत नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, पण शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. म्हणून १९६० ची रेकॉर्ड मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालंच असं नाही. रेडिओवर पार्श्वभूमीला वाजलं तरी परवानगी लागते. यूट्यूबवर अनलिस्टेड (फक्त लिंक असणाऱ्याला दिसेल अशी) ठेवलेली परीक्षणाची लिंकसुद्धा याच कारणाने ब्लॉक होऊ शकते. सिनेमात बैल, कोंबडी, कुत्रा यांच्याकडून काम करून घेतलं असेल, तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधीची असते. सेन्सॉरच्या वेळी ती मागतात, नंतर जमवता येत नाही. बालकलाकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास आणि सलग तीन तासांवर काम नाही, हे नियमातच आहे.

फीचं सांगायचं तर मुदती पायरीपायरीने महाग होत जातात: अर्लीबर्ड, रेग्युलर, लेट, कधी एक्स्टेंडेड. मजकूर तयार नसताना ‘आधी फी भरून ठेवू’ म्हणून घाई नको, पण लेटमध्येही जाऊ नका. तोवर समितीने निम्मा कार्यक्रम मनात बसवलेला असतो. फी बहुधा डॉलरमध्ये दिसते. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या, २०२० पासून नवी कार्डं मुळात देशांतर्गत वापरापुरतीच चालू येतात. बँकेचा परकीय चलनाचा मार्कअप (वरचा आकार) बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो, वर त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. फिल्मफ्रीवेच्या गोल्ड या सशुल्क सदस्यत्वाने काही महोत्सवांत सवलत मिळते. वर्षाला वीस-पंचवीस ठिकाणी पाठवणाऱ्याला ते परवडेल, एका सिनेमासाठी तीन-चार जागा बघणाऱ्याने त्यात पडू नये. आपोआप नूतनीकरण होतं, तेही लक्षात ठेवा. त्यापेक्षा आयोजकाला चार ओळींचं नम्र पत्र लिहून सवलतीचा कोड मागा. लहान गावचे आयोजक उत्तर देतात, आणि परदेशातून आलेला वेगळ्या भाषेचा सिनेमा त्यांनाही हवा असतो.

महोत्सव खरा की नुसता ‘लॉरेल’ (पोस्टरवर छापायची निवडीची पानांची खूण) विकणारा, हे ओळखायचं तर पानावरच्या तारकांवर विसंबू नका. जवळपास सगळीकडे पाचच असतात, कारण निवड झालेलेच हौसेने लिहितात. सभागृहाचं नाव आणि पत्ता आहे का, मागच्या वर्षीचं वेळापत्रक तासानुसार सापडतं का, फोटोत खुर्च्यांवर अनोळखी माणसं आहेत की फक्त ट्रॉफी धरलेले दिग्दर्शक, ते बघा. दर महिन्याला विजेते आणि शंभर-दीडशे पुरस्कार गट दिसले की पान बंद करा. जवळचं चांगलं उदाहरण हवं तर धरमशाला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव बघा. २०१२ पासून डोंगरातल्या लहान गावात भरतो, मुलांच्या सिनेमांसाठी वेगळी निवड असते, आणि जागा व कार्यक्रम उघड दिसतात.

निवड झाली की खरी परीक्षा फाइलची. निवडीआधी परीक्षणासाठी १०८०पीची एच.२६४ (दाबलेली, लहान) फाइल सेकंदाला १० मेगाबिटला पुरते, दहा मिनिटांची सुमारे ७५० एमबी. प्रोरेस ४२२ एचक्यू (कमी दाबलेली, वरच्या दर्जाची) मागितली तर तेवढ्याच लांबीचे जवळपास १३ जीबी होतात, आणि फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, म्हणून ड्राइव्ह एक्सफॅट करा. डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीची प्रत) लागलीच तर ती बनवणारं डीसीपी-ओ-मॅटिक हे सॉफ्टवेअर फुकट आहे. सिनेमा सेकंदाला २५ फ्रेमवर असेल आणि त्यांना २४ हवा असेल, तर लांबी चार टक्के वाढते, आणि आवाजाची पट्टी सांभाळली नाही तर पोरं जरा घोगरी बोलू लागतात. फोनवर चित्रित केलं असेल तर व्हेरिएबल फ्रेम रेट (सेकंदाला कमी-जास्त होणारी फ्रेमसंख्या) आधी स्थिर करून घ्या, नाहीतर पाचव्या मिनिटापर्यंत ओठ आणि आवाज यांची फारकत होते.

लहान गावात बहुधा शाळेचा किंवा चर्चचा हॉल, एक प्रोजेक्टर, एक लॅपटॉप आणि दोन स्पीकर असतात. ५.१ मिक्स (सहा चॅनेलांत वाटलेला आवाज) पाठवला आणि तो नीट उतरवून वाजला नाही, तर मधल्या चॅनेलवरचे संवाद गायब होतात आणि फक्त चिमण्या ऐकू येतात. म्हणून मूळ फाइलसोबत एक स्टीरिओ प्रत नाव लिहून द्याच. रात्रीची दृश्यं एक-दीड स्टॉप (प्रकाशाचं माप) उजळ केलेली प्रत असेल तर आणखी बरं, कारण खिडक्यांना पडदे असले तरी फटीतून ऊन येतं. आणि परीक्षणाची प्रत व्हिमिओ या व्हिडिओ साइटवर असेल, तर तिचा पासवर्ड निकालाआधी बदलू नका. बदलायची वेळ आलीच, तर त्याच मिनिटाला फिल्मफ्रीवेच्या पानावरही नवा टाका.