मृगबाग की कांदेबाग?

जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात केळी जून-जुलैत (मृगबाग) लावावी की सप्टेंबर-ऑक्टोबरात (कांदेबाग), हा घोळ दरवर्षीचाच. रोपांच्या जाहिराती बाजूला ठेवू.

मृगबागेचं खरं दुखणं सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक हा विषाणूजन्य रोग. ढगाळ, दमट हवेत मावा ही कीड तो पसरवते. कोवळ्या पानावर पिवळसर पट्टे येतात, पुढे पोंगा (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) सडतो. यावर औषध नाही. रोप मुळासकट उपटून पुरायचं (बांधावर फेकणारे शेजाऱ्यालाही बुडवतात), मावा आटोक्यात ठेवायचा. काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो यांचं आंतरपीक नकोच. कांदेबागेत हा त्रास कमी. पण घड पावसाळ्यात भरतो तेव्हा पानांवर करपा (बुरशीजन्य रोग) येतो. पानाचा रोगट भाग कापून प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक लिटरला १ मिली, स्टिकरसह (औषध पानाला चिकटवणारा द्रव) फवारा.

थंडी कांदेबागेला नडते: डिसेंबर-जानेवारीत लहान रोपांची वाढ थांबते. पाणी रात्री द्या, पहाटे धूर करा. मृगबागेचे घड मात्र मे-जूनच्या उन्हात नि वादळात सापडतात. वारा अडवायला कडेला शेवरीची झाडं केळीबरोबरच लावा, नंतर लावून उपयोग नाही.

मेमध्ये विहिरीला भरवशाचं पाणी आणि आसपास वेलवर्गीय पिकं नसतील, तर मृगबाग. गेल्या साली सीएमव्ही येऊन गेला असेल किंवा मूग-उडीद निघाल्यावरच रान मोकळं होत असेल, तर कांदेबाग.