‘डॉक्टरांची गाडी आहे, साहेब’

सेकंडहँडच्या बाजारात सगळ्या गाड्या डॉक्टरांच्याच असतात. माझीही होती. २०१२ चं मॉडेल, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १६० पीएस, मॅन्युअल गिअर. या इंजिनाचे वेडे पुण्यात बरेच आहेत, त्यातलाच मी एक.

बघायला गेलो तेव्हा बॉनेट गरम होतं. "आत्ताच धुवून आणली," एजंट म्हणाला. बायपासवर आधी त्यानेच चालवली. दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएमचा काटा चार हजारांवर नेला आणि माझी पाठ सीटला चिकटली. मी बसलो तरी त्याचं "ताणा साहेब, घाबरू नका" चालूच. ताणली. खूश होऊन टोकन देऊन आलो.

चौथ्या दिवशी कात्रजचा जुना घाट. वळणावर दुसरा गिअर, काटा दोन हजारांच्या आत, पाय पूर्ण दाबलेला आणि गाडी ढिम्म. मागे रिक्षावाला हॉर्न देतोय. तीन हजार ओलांडले तशी अंगात आल्यासारखी सुटली. हे इंजिन २५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, १५०० आरपीएमपासून देतं. दम नेमका तिथेच नव्हता. संध्याकाळी चेक इंजिनचा दिवाही लागला.

मेकॅनिकने स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड पी०२९९, म्हणजे टर्बो इंजिनात जी हवा दाबून भरतो तिचं प्रेशर कमी. पण तो थांबला दुसऱ्याच पानावर. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्याच करते त्या तपासण्या, निम्मे अपूर्ण. "कोड नुकतेच पुसलेत." पुसले की या तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात, पुऱ्या व्हायला गाडी बरीच चालावी लागते. हजारभर रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर खिशात असता तर हे टोकन देण्याआधीच दिसलं असतं.

मग गळती शोधायला इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या पाइपांत, धूर सोडला. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपाला क्लॅम्पजवळून धुराची बारीक रेघ निघाली. पाइप काढला तर दोन बोटं लांब चीर, तिच्यावर काळी इन्सुलेशन टेप आणि वरून चकचकीत पॉलिश. टेप आपोआप लागत नाही.

पाइप बदलून थोडाच फरक पडला. खरं दुखणं वेस्टगेटचं, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचं. लिव्हर झिजलेला, झडप नीट बसत नव्हती. कमी आरपीएमला एक्झॉस्टचा वायू मुळातच थोडा, त्यातला बराचसा टर्बाइन, म्हणजे टर्बो फिरवणारा पंखा, चुकवून निघून जायचा. आरपीएम वाढले की वायू इतका येतो की गळती झाकली जाते. म्हणून ते "ताणा साहेब".

तुम्ही जाल तेव्हा इंजिन थंड ठेवायला सांगा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये काटा पंधराशेवर आणा आणि पाय दाबा. दोन हजारांच्या आसपास कुणीतरी मागून ढकलल्यासारखं वाटलं पाहिजे. शेजारच्याला गप्प बसवा.

एजंटला फोन केला. डिलिव्हरी नोटवर माझ्या सहीच्या वर ‘आहे त्या स्थितीत’ छापलेलं होतं, ते त्याने वाचून दाखवलं. "आणि साहेब, तुम्ही तर चालवून बघितली होती." टेपचा फोटो पाठवला. निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. टर्बोचं बिल एक लाख दहा हजार.