5 एचपी सोलर पंप, 14 महिने वापरल्यावर

अंबड तालुक्यात आमचं 4 एकर आहे, दोन एकर मोसंबी, बाकी कापूस आणि मग गहू-हरभरा. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत 10 टक्के हिस्सा भरून 5 एचपी घेतला, 540 वॅटच्या 9 प्लेटा आहेत. नवीन घेणारे बरेच जण विचारतात म्हणून सगळं सांगतो.

सगळ्यात मोठा फायदा आधी सांगतो, रात्रीचं दारं धरणं बंद झालं. आधी लाइटचा आठवडा रात्रीचा आला की दादा 68 वर्षांचे असून बॅटरी घेऊन गव्हात उभे राहायचे, थंडीत पाय चिखलात, साप-विंचवाची भीती, आणि त्यात डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की आठ आठ दिवस काहीच नाही. आता दादा रात्री घरी झोपतात. माझ्यासाठी एवढ्यावरच पैसे वसूल झाले, खरंच.

पण लाइटच्या मोटरसारखा हा चालेल असं समजून घेऊ नका. ऊन जसं वाढतं तसा मोटरचा वेग वाढतो. सकाळी आठला मोटर फिरते पण पाणी वर येत नाही, नऊ-साडेनऊनंतर धार लागते, 11 ते 3 फुल प्रेशर, चारनंतर परत कमी. ढग आला की लगेच फरक. सुरुवातीला मी ठिबकचे सगळे कॉक एकदम सोडायचो तर शेवटच्या झाडांना पाणीच पोचायचं नाही, मग बागेचे तीन भाग केले आणि एका वेळी एकच कॉक चालू ठेवतो, दुपारी दोन. तेव्हापासून ठीक आहे.

प्लेटा धुवायच्या तर सूर्य वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका, तडा जाऊ शकतो. आमच्या विहिरीच्या पाण्याला क्षार आहे, वाळल्यावर पांढरे डाग पडायचे, म्हणून आता फडक्याने पुसूनच घेतो.

डिसेंबरात कंट्रोलर, म्हणजे प्लेटांची वीज मोटरला देणारी पेटी, बंद पडला. गॅरंटी 5 वर्षांची, तक्रार त्याच दिवशी केली, माणूस आला 11 दिवसांनी. मोसंबी आंबे बहाराच्या ताणावर होती, म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी मुद्दाम तोडलेलं होतं, म्हणून वाचली, पण गहू नेमका 20 दिवसांचा, मुकुटमुळं फुटायच्या वेळेचं पाणी चुकलं आणि फुटवे कमी आले ते आलेच. शेजाऱ्याचं डिझेल इंजिन मिळालं ते फार उशिरा. म्हणून सांगतो, जुनं इंजिन असेल तर भंगारात घालू नका.

आणखी एक खटकतं. पावसाळ्यात पंप लागत नाही, प्लेटा नुसत्या उन्हात पडून. केंद्राच्या पीएम-कुसुम सौर पंप योजनेच्या नियमात असा कंट्रोलर आहे की त्याच प्लेटांवर कडबा कुट्टी, पिठाची गिरणी चालते, पण आम्हाला बसवलेला साधा आहे. बसवायच्या आधी याबद्दल नक्की विचारा, मी विचारलं नाही.

नांगरटीला ट्रॅक्टर भाड्याचाच आणि कोळपणीला बैलजोडी, ते काही बदललं नाही.

विहिरीला पाणी कमी असेल तर 7.5 चा हट्ट नको. आमचा 5 चाच एप्रिलमध्ये दोन तासात विहीर उपसतो आणि कोरडा पडला की आपोआप बंद होतो, मग झरे भरेपर्यंत ऊन असूनही बसून राहावं लागतं.