एमआर अँजिओग्राफी: गॅडोलिनियम द्यावं की लोहाचे नॅनोकण?

किडनी अधू असलेल्या रुग्णाची एमआर अँजिओग्राफी (एमआरआयने रक्तवाहिन्यांचं चित्रण) ठरवताना चर्चा क्रिएटिनिनपाशीच, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीपाशीच, अडकते. गॅडोलिनियमच्या गट २ मधल्या (सर्वात सुरक्षित) गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट यांसारख्या औषधांनी एनएसएफचा (त्वचा आणि अवयव कडक करणारा विकार) धोका अत्यल्प असतो, ईजीएफआर (किडनीच्या गाळणीचा वेग) ३०च्या खाली असला तरी. त्यामुळे नुसत्या किडनीच्या भीतीपोटी लोहाच्या नॅनोकणांकडे, म्हणजे फेरुमॉक्सिटॉलकडे, वळू नये. कॉन्ट्रास्ट (वाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून दिलेलं औषध) रक्तात किती वेळ टिकायला हवा आणि धमनी व शीर वेगवेगळी दिसायला हवी का, यावर निवड ठरवा.

गॅडोलिनियमचा रेणू लहान असतो आणि मेंदू सोडला तर रक्तवाहिनीतून लगेच बाहेर झिरपतो. डोस किलोमागे ०.१ मिलिमोल, ७० किलोच्या माणसाला गॅडोब्युट्रॉल ७ मिलि, तर निम्म्या तीव्रतेचं गॅडोटेरेट १४ मिलि. धमन्या भरल्या आहेत आणि शिरा अजून रिकाम्या आहेत, असे मोजके सेकंदच हाती असतात. स्कॅन लवकर सुरू झाला तर धमनीच्या कडेला समांतर रेघा उमटतात. उशीर झाला तर शिरा उजळून धमन्या झाकतात, आणि पोटरीत हा त्रास सर्वात जास्त. पण रक्त आधी कुठे पोचलं, मग कुठे गेलं, हेही याच सेकंदांत कळतं. मेंदूतल्या एव्हीएमसाठी (धमन्या थेट शिरांना जोडणारा गुंता) ते लागतंच.

फेरुमॉक्सिटॉलचं उलट आहे. लोह-ऑक्साइडचा गाभा, वर कर्बोदकाचं आवरण, आवरणासकट आकार सुमारे ३० नॅनोमीटर. एवढा कण किडनीच्या गाळणीतून जात नाही आणि निरोगी वाहिनीतून सहज झिरपत नाही. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण १५ तास लागतात. म्हणजे रुग्णाचा श्वास हलला तर तोच स्कॅन पुन्हा घ्या, वेळ देऊन बारीक रिझोल्यूशनने घ्या. दुसरा डोस लागत नाही. डायलिसिसच्या रुग्णात छातीतल्या मोठ्या शिरा बुजल्या आहेत का, फिश्चुला (डायलिसिससाठीचा धमनी-शिरेचा जोड) कुठे करावा, हे पाहायला आमच्या मते यासारखं दुसरं नाही. मात्र औषध रक्तात सगळीकडे पसरल्यावर धमनी आणि शीर दोन्ही सारख्याच उजळतात. शरीररचना पाहूनच त्या ओळखाव्या लागतात.

अमेरिकेत २००९ मध्ये याला मंजुरी मिळाली ती अॅनिमियासाठी. अँजिओग्राफीसाठीचा वापर ऑफ-लेबल (मंजुरी नसलेल्या कारणासाठीचा) आहे, हे संमतिपत्रात स्पष्ट लिहा. चित्रणासाठी साधारण किलोमागे ३ ते ४ मिग्रॅ लोह देतात. बाटलीत दर मिलिला ३० मिग्रॅ असतं, म्हणजे ६० किलोला ४ मिग्रॅने २४० मिग्रॅ, अर्थात ८ मिलि. हे थेट शिरेत ढकलू नका. तीव्र अॅलर्जीने मृत्यू झाल्यामुळे २०१५ मध्ये तिथे ठळक इशारा जोडला गेला: सलाईनमध्ये पातळ करून किमान १५ मिनिटांत हळूहळू द्यायचं आणि नंतर किमान ३० मिनिटं रक्तदाब-नाडीवर लक्ष ठेवायचं. आधी कोणत्याही शिरेतल्या लोहाची अॅलर्जी झाली असेल किंवा शरीरात लोह साठलं असेल, तर हा पर्याय बाद.

नवख्यांना चकवणारी एक गोष्ट: औषध घट्ट असेल तिथे वाहिनी उजळण्याऐवजी काळी पडते. ड्रिप चालू असतानाच स्कॅन केला तर त्या हाताची शीर बुजल्यासारखी दिसू शकते. म्हणून ड्रिप संपवून औषध रक्तात नीट मिसळू द्या आणि टीई (इको टाइम, सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) शक्य तितका कमी ठेवा.

महाधमनीची भिंत फाटल्याचा किंवा फुप्फुसात गुठळी अडकल्याचा संशय असेल तर हे दोन्ही पर्याय बाजूला ठेवा आणि आयोडीन देऊन सीटी करा; तिथे मिनिटं मोलाची असतात. सोन्याचे नॅनोकण सीटीसाठी आश्वासक आहेत, पण आज रुग्णासाठी निवडावा असा तो पर्याय नाही.

फेरुमॉक्सिटॉलचे कण शेवटी यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत जमतात. पुढच्या एमआरआयवर त्याचा परिणाम तीन महिन्यांपर्यंत राहू शकतो. यकृतातल्या गाठीची तपासणी ठरलेली असेल तर ती आधी उरकून घ्या. नंतर कधीही एमआरआय झाला तरी वाचणाऱ्याला कळावं म्हणून डोस आणि तारीख रिपोर्टच्या पहिल्या ओळीत लिहा.