गृहकर्जाचा मूल्यांकन अहवाल: पैसे तुमचे, मर्जी बँकेची

कर्ज देण्याआधी घराची किंमत ठरवणाऱ्या, बँकेच्या पॅनेलवरच्या (ठरलेल्या यादीतल्या) व्हॅल्युअरची ही सेवा. फी बहुधा कर्जदाराच्या खिशातून, पण पुढचं काम मिळणार बँकेकडून. त्यातच खरेदी करारातली किंमत त्याच्या हातात आधीच येते, त्यामुळे अहवालातला आकडा तिथेच ‘जुळतो’.

फुगवटा बहुतेक वेळा क्षेत्रफळात सापडतो. कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरता येणारं क्षेत्र) ६०० चौरस फूट असताना सेलेबल (जिना, लॉबी वगैरेंचा वाटा धरून फुगवलेलं विक्रीचं क्षेत्र) ८१० धरायचं आणि त्यावर कार्पेटचा दर लावायचा! दुसरी जागा म्हणजे तुलनेचे व्यवहार: जाहिरातीतले भाव म्हणजे व्यवहार नव्हेत. त्याच सोसायटीतल्या अलीकडच्या विक्रीचे इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश, त्यात व्यवहाराची किंमत असते) तपासा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर ते दिसतात. रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरतक्ता, मात्र मुद्रांक शुल्कासाठी असतो, बाजारभावाचा पुरावा म्हणून तो लंगडाच.

६८ लाखांचं घर ८० लाखांचं दाखवलं, तर ८० टक्क्यांनी ६४ लाख कर्ज मिळतं, म्हणजे खऱ्या किमतीच्या ९४ टक्के. घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यावं याची रिझर्व्ह बँकेची मर्यादा (इथे ८० टक्के) कागदावर शाबूत! भाव थोडा घसरला की विकूनही कर्ज फिटत नाही.

अहवालाची प्रत मागा. मोजमाप, भेटीची तारीख, तुलनेचे दस्त नसतील तर वेगळ्या नोंदणीकृत व्हॅल्युअरला स्वतः पैसे द्या. पाचपैकी दोन तारे, तेही व्हॅल्युअर बांधकाम आराखड्याशी ताडून पाहतो म्हणून.