‘टायगर शार्क’ म्हणून विकलेला पंगास

घरच्या फिश टँकसाठी ‘शार्क’ घेण्याचा विचार कोल्हापुरात कोणी करत असेल, तर त्यांनी पैसे देण्यापूर्वी आमची फसवणूक कशी झाली ते वाचावे, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. आमची टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे; काठोकाठ भरली तरी तिच्यात सुमारे १३० लिटर पाणी मावते. ही मापे मी दुकानदाराला आधीच सांगितली होती आणि एवढ्या जागेत आयुष्यभर नीट राहतील असेच मासे द्यावेत, असे स्पष्ट म्हटले होते. त्याने रुपेरी अंगावर काळसर पट्टे असलेले, चार बोटे लांबीचे मासे दाखवले, ते थायलंडहून मागवलेले ‘टायगर शार्क’ असल्याचे सांगितले आणि जोडीला सहाशे रुपये भाव लावला. आकाराबद्दल पुन्हा विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “वहिनी, निर्धास्त राहा. टाकी जेवढी, तेवढाच हा मासा वाढतो. अर्ध्या फुटाच्या वर जाणारच नाही.” आम्ही दोन जोड्या घेतल्या.

ही हमी धादांत खोटी होती. आम्हाला दिलेला मासा म्हणजे पंगास, शास्त्रीय नाव पँगॅसियानोडॉन हायपोफ्थॅल्मस. शार्कशी त्याचे कोणतेही नाते नाही. तो मिशाळ माशांच्या गटातला, मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांमधला मासा असून त्याची लांबी १३० सेंटिमीटरपर्यंत आणि वजन ४० किलोच्या वर जाऊ शकते. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येणारे पांढरे मांस बहुतेक वेळा याच माशाचे असते. टाकी लहान असली की मासाही लहानच राहतो, हे दुकानातून सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात अपुऱ्या जागेत आणि विष्ठेने बिघडलेल्या पाण्यात माशाची वाढ खुंटते, पाठीचा कणा वाकू शकतो आणि आयुष्य घटते. त्याला ‘जागेशी जुळवून घेणे’ म्हणणे हा क्रूरपणा आहे.

पंगास थव्याने लांबवर पोहणारा आणि अतिशय बुजरा मासा आहे. खोलीतला दिवा लावला किंवा कोणी जवळून चालत गेले, तरी आमचे मासे दचकून काचेवर आदळत आणि त्यांची नाके सोलून निघत. तक्रार घेऊन गेल्यावर दुकानदाराने जखमांसाठी औषधाची बाटली विकली आणि लेबलवरची पूर्ण मात्रा टाकायला सांगितले. या माशाच्या अंगावर खवले नसतात, त्यामुळे कित्येक औषधे त्याला नेहमीच्या मात्रेत सोसत नाहीत, हे माशांचा व्यापार करणाऱ्याला ठाऊक असायलाच हवे. औषध टाकल्यानंतर दोन मासे मेले. त्यानंतर त्याने पाणी स्वच्छ राहावे म्हणून मोठा फिल्टर घ्यायला लावला. म्हणजे मूळ खोट्यावर पांघरूण घालण्याचा प्रत्येक उपाय आमच्याच पैशाने झाला.

उरलेले दोन मासे फूटभर लांब झाले आणि त्यांना टाकीत वळणेही कठीण होऊ लागले, तेव्हा ते परत घेण्यास त्याने नकार दिला आणि “रंकाळ्यात सोडून द्या” असा सल्ला दिला. या सल्ल्याचा मला सर्वांत जास्त संताप आला. जलपर्णी आणि सांडपाणी यांच्याशी आधीच झगडणाऱ्या तलावात मिळेल ते खाणारा परका मासा सोडायचा, आणि तोही औषधांच्या पाण्यात राहिलेला, असे सुचवणाऱ्याला ना माशाची पर्वा आहे ना गावाची. कृपा करून टाकीतला कोणताही मासा रंकाळ्यात, कळंब्यात किंवा पंचगंगेत सोडू नये.

आम्ही ओळखीतून करवीर तालुक्यातल्या एका मत्स्यशेतकऱ्याला विचारले. त्यांनी मासे पाहताक्षणी म्हटले, “ह्यो तर पंगास हाय, वहिनी. माझ्या तळ्यात हजारांनी हाईत.” शेततळ्यांसाठी याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, काही रुपयांना एक मिळते, हेही त्यांच्याकडूनच कळले. आमचे दोन्ही मासे आता त्यांच्या तळ्यात आहेत.

त्याच दुकानात आमच्या शेजाऱ्यांना ‘रेड टेल शार्क’ सांगून स्वस्तातले रेनबो शार्क दिले गेले. रेड टेलचे फक्त शेपूट लाल असते आणि बाकीचे पर काळे. रेनबोचे सगळेच पर लाल असतात. दोन्ही जाती साधारण १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतात, त्यामुळे आमच्यासारख्या टाकीत यांपैकी एक मासा खरोखर राहू शकतो. मात्र एकच, कारण ते हद्द राखणारे असतात आणि आपल्यासारख्या दुसऱ्या माशाला छळतात. शेजाऱ्यांना तीन दिले होते, त्यातला एकच उरला. बाला शार्क देखणा आणि शांत असतो, पण तो फूटभर वाढतो आणि त्याला सोबतीला चार-पाच जण लागतात, म्हणून सहा फुटांच्या टाकीखाली त्याचा विचार करू नये. रोझलाइन शार्क म्हणून मिळणारा डेनिसन बार्ब केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीचा आहे आणि निसर्गात तो धोक्यात आहे; चार फुटांची, वाहत्या पाण्याची टाकी असेल तर तो थव्याने ठेवता येतो, पण पैदास केंद्रातलाच मासा असल्याची खात्री करूनच घ्यावा.

आमच्या पावतीवर फक्त ‘मासे, ४ नग’ असे लिहिले होते, आणि तिचाच आधार घेऊन दुकानदाराने टायगर शार्क असे आपण कधी म्हटलेच नाही, असा पवित्रा घेतला. म्हणून माशाचे शास्त्रीय नाव आणि पूर्ण वाढीची लांबी पावतीवर लिहून घ्यावी. लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून मासा घेऊ नये. मालाचे खोटे वर्णन करणे आणि पावती नाकारणे या दोन्ही गोष्टी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार नोंदवता येते.